उंची नसलेली गच्ची

एका गावात एक शाळा होती आणि तिचा भौतिकशास्त्राचा निकाल दरवर्षी शंभर टक्के लागत असे. गावाला त्याचा भारी अभिमान. तिथल्या तळपेबाई मुलांकडून वीस गणिते घोटून घेत आणि परीक्षेत त्यांतलीच घालत.

एकदा चाचणीचा पेपर काढताना बाईंची चूक झाली. 'गच्चीवरून सोडलेला चेंडू किती वेळात जमिनीवर पडेल?' एवढेच त्यांनी लिहिले. गच्ची किती उंच, ते लिहायचे राहूनच गेले. तरी चाळीसच्या चाळीस मुलांनी ठरलेले उत्तर लिहिले, दोन सेकंद. उंची किती, असे एकानेही विचारले नाही.

मुख्याध्यापक दाभोळे सरांनी पेढे मागवले. बाईंना मात्र पेढा गोड लागेना. चूक कोणाच्याच लक्षात आली नव्हती. गप्प बसल्या असत्या तर चालून गेले असते. पण त्यांनी ती सरांपुढे कबूल केली आणि यापुढे पेपर वेगळा काढीन म्हणाल्या.

सर म्हणाले, "काढा. पण वार्षिक परीक्षेला बाहेरचे परीक्षक येतात. तेव्हा नाक कापलं गेलं, तर पुढच्या वर्षी हा विषय तुमच्याकडे नसेल."

पुढच्या चाचणीत एकच प्रश्न आला. बादलीत वाटी तरंगते आहे, वाटीत दगड आहे. तो दगड पाण्यात टाकला, तर बादलीतले पाणी चढेल की उतरेल, आणि का? अठ्ठावीस मुले नापास झाली. पालक शाळेवर चालून आले. बाई डगमगल्या नाहीत. त्यांनी वर्गात बादलीच आणली. दगड बुडाला आणि पाणी चक्क उतरले. मग मुलांत अशी जुंपली की मधली सुट्टी झाली तरी कोणी हलेना. शेवटी नेहमी काठावर पास होणारी सुगंधा म्हणाली, "वाटीत असताना दगड स्वतःच्या वजनाइतकं पाणी सारतो. बुडाल्यावर फक्त स्वतःच्या आकाराइतकं, आणि ते कमी भरतं, कारण दगड पाण्यापेक्षा जड."

त्या दिवसापासून वर्गाला प्रश्नांची गोडी लागली.

वार्षिक परीक्षेत परीक्षकांनी विचारले, 'बंद खोलीत पंखा लावला तर हवा गार होते का?' मुलांनी हे कधी ऐकलेही नव्हते. दाभोळे सरांनी डोळेच मिटून घेतले. पण सदतीस मुलांनी लिहिले की हवा गार होत नाही, अंगावरचा घाम वाळतो म्हणून आपल्याला गार वाटते.

परीक्षक म्हणाले, "सदतीस जणांची भाषा वेगवेगळी आणि उत्तर बरोबर. असा वर्ग मी आज पहिल्यांदा पाहिला."

निकाल शंभर टक्के लागला नाही. तरी सरांनी पुन्हा पेढे वाटले. मग पेपर कसा काढावा हे सगळ्या शिक्षकांना शिकवायला बाईंनाच उभे केले आणि स्वतः पहिल्या बाकावर जाऊन बसले.

तात्पर्य: विचार न करता ज्याचे उत्तर देता येते, तो प्रश्न फक्त पाठांतर तपासतो. मुलांची समज पाहायची असेल, तर आधी प्रश्न काढणाऱ्याने डोके चालवावे.