चेतापेशींचा शेजार

एकदा एका शिष्याच्या हातून चेतापेशी मरू लागल्या.

हा शिष्य एका वृद्ध आचार्यांच्या प्रयोगशाळेत आतड्यांचे शास्त्र शिकत होता. आपल्या आतड्यांच्या भिंतीत चेतापेशींचे एक स्वतंत्र जाळे असते. अन्न कधी पुढे ढकलायचे आणि कधी थोपवायचे, हे ते जाळे मेंदूला फारसे न विचारता ठरवते. शस्त्रक्रियेत काढलेल्या आतड्याच्या तुकड्यातून त्या पेशी वेगळ्या करायच्या आणि काचेच्या बशीत जगवायच्या, हे शिष्याचे काम. पण त्या जगत नव्हत्या. शिष्य आळशी नव्हता. उलट फार टापटिपीचा होता, आणि अशी माणसे चुकतात तेव्हा मन लावून चुकतात.

या वेळी बशीत आल्या होत्या त्या एका कापडव्यापाऱ्याच्या आतड्यातील पेशी. त्याचे आतडे मंदावत जाऊन अखेर त्याचा काही भाग कापावा लागला होता, आणि तोच विकार आता त्याच्या लहान मुलात उतरला होता. एक नवे औषध होते. ते आधी बापाच्या पेशींवर पाहायचे, त्या सावरल्या तर मुलाला द्यायचे, असे डॉक्टरांनी ठरवले होते. पेशी मेल्या तर मुलाच्याही पोटावर सुरी चालणार होती. दुसरा तुकडा मिळणार नव्हता, आणि आहे त्या तुकड्यातून भरलेल्या बश्या एकामागून एक वाया जात होत्या.

व्यापारी रोज येऊन बाहेरच्या बाकावर बसे. "आहेत ना हो जिवंत?" एवढेच विचारी. शिष्य "बघतोय, बघतोय" म्हणत मान खाली घालून आत सटके. त्याला अन्न गोड लागेना. सकाळी बशी उघडण्याआधी त्याच्या पोटात गोळा उठे. आतड्यांचे शास्त्र शिकणाऱ्याची त्याच्याच आतड्यांनी शिकवणी घ्यायला सुरुवात केली होती.

प्रयोगशाळेत एक जुना शिरस्ता होता. तुकड्यातून चेतापेशींबरोबर दुसऱ्याही पेशी येतात. त्यांना ग्लिअल पेशी म्हणतात. चेतापेशी आहेत तेवढ्याच राहतात, या मात्र भराभर दुणावतात आणि बशी व्यापू लागतात. म्हणून वाढणाऱ्या पेशींना मारणारे एक द्रावण सुरुवातीलाच बशीत सोडत. खडे काढून तांदूळ निवडावेत तसे हे काम, आणि सगळे त्याला निवडणेच म्हणत.

शिष्याने शेवटची बशी भरून द्रावणाची बाटली हाती घेतली, तोच आचार्य आत आले. त्यांनी ती बाटली काढून घेतली, आपल्या कपाटात ठेवून कुलूप लावले, किल्ली खिशात टाकली आणि खुर्ची ओढून बसले.

शिष्य घाईने पुढे झाला. "सर, ही शेवटची बशी आहे. निवडली नाही तर त्या उपऱ्या पेशी सगळी जागा खातील."

"खाऊ दे."

"आणि चेतापेशी मेल्या तर? त्या माणसाला मी तोंड कसं दाखवू?"

"आत्ता तरी कुठे दाखवतोस?" आचार्य म्हणाले.

साठी बुद्धी नाठी, असे शिष्याच्या मनात येऊन गेले. आचार्यांची तर साठी कधीच मागे पडली होती. पण ते रोज आले आणि त्याच खुर्चीवर बसून राहिले. शिष्य मात्र देव पाण्यात घालून बसला होता. बशीत उपऱ्या पेशी पसरत गेल्या तसतसा त्याचा धीर खचत गेला. एरवी ज्या दिवशी चेतापेशी सुकून गेलेल्या दिसत, तो दिवस उजाडला. त्याने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि बराच वेळ काढलाच नाही.

"जिवंत आहेत," तो पुटपुटला. "तंतूही फुटलेत. आणि त्या दुसऱ्या पेशी त्यांना बिलगून बसल्यात."

"आपण निवडून निवडून चेतापेशींना एकटं पाडत होतो," आचार्य म्हणाले. "एकटी पेशी निर्मळ दिसते खरी, पण तिला खाऊपिऊ कोण घालणार? तिच्याभोवतीचा निचरा कोण करणार? निरोप चेतापेशी देते, म्हणून आमच्या पिढीला तीच दिसली. भोवतीच्या पेशी म्हणजे नुसता सरस, चिकटवण्यापुरता, असं वाटायचं. त्याही तो निरोप ऐकतात, आपल्या परीनं उत्तर देतात आणि आतड्याच्या अस्तराची राखण करतात, हे फार उशिरा कळलं. तण म्हणून आपण कुंपणच उपटत होतो."

"मग हे आधीच का नाही सांगितलंत?"

"मला तरी कुठे खात्री होती? निवडलेल्या सगळ्या मेल्या, एवढंच ठाऊक होतं. मलाही धास्ती होतीच, बाबा. म्हणून तर रोज येऊन बसलो."

इतक्या दिवसांत आचार्यांनी बशीला हात लावला नव्हता की सल्ला दिला नव्हता. ते नुसते जवळ होते, आणि तेवढ्यानेच त्याला रोज बशी उघडण्याचे बळ आले होते. हे त्याच्या आत्ता ध्यानात आले.

तो उठून बाहेर गेला. व्यापारी धडपडत उभा राहिला.

"पेशी जगल्यात," शिष्य म्हणाला. "औषध उद्या घालून बघायचं. गुण येईल की नाही, ते मला आज नाही सांगता येणार."

व्यापाऱ्याची भीती गेली नव्हती. "मग काही सांगायचं राहिलंय का, डॉक्टर?"

"नाही. बसायला आलोय."

व्यापाऱ्याने बाकावरची पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि थोडा सरकून जागा केली.