आभाळाच्या दगडाला टाकी

"पण अक्का, हा फुटत का नाही?"

मारेप्पानं पोत्यातून दगड काढून तिमक्कासमोर ठेवला. नारळापेक्षा थोडा मोठा, काळाकुळकुळीत. एवढासा दगड, पण उचलताना त्याच्या मानेच्या शिरा तटतटल्या.

तिमक्का बाजाराच्या कडेला कडुलिंबाखाली बसायची. पाटे, वरवंटे, जाती घडवायची. झिजलेल्यांना टाकी लावून द्यायची. टाकी म्हणजे आमची दगड घडवायची छिन्नी. ती तापवून, विझवून तिची धार कडक करावी तर तिमक्कानंच. त्याला आम्ही पाणी देणं म्हणतो. मी तिच्या भात्यावर होते, म्हणून हे माझ्या कानांनी ऐकलंय.

मारेप्पा तिचाच शिष्य. सात वर्षं तिच्या हाताखाली काढली, मग तालुक्याला जाऊन देव घडवायला लागला. दारावर 'मूर्तिकार' असा बोर्ड. पाट्याला टाकी लाव म्हटलं की तोंड वाकडं.

"कुठनं आणलास?"

"आभाळातून पडलाय. जाखणवाडीच्या माळावर. शाळेतले गुरुजी म्हणाले, सूर्याभोवती असले लाखो दगड फिरत असतात. त्यातला एक वाट चुकून इकडं आला."

"चुकून?"

"असं गुरुजी म्हणाले. गावानं तो मला दिलाय, भैरोबाचा मुखवटा घडवायला. जत्रा आठ दिवसांवर आलीय. देवळाच्या पायरीवर माझं नाव कोरणार आहेत."

"मग घडव की."

"तीन टाक्यांची तोंडं गेली. नुसता ओरखडा उठतोय." त्यानं घसा खाकरला. "तुमच्या हातच्या पाण्याची टाकी पाहिजे."

"बोर्डवाल्याला माझी टाकी?"

"हसा. पण मुखवटा झाला नाही तर मला तालुक्यात कुणी दारात उभं करणार नाही. साऱ्या गावासमोर शब्द देऊन बसलोय."

तिमक्का हसली नाही. तिनं दगडावर कान टेकवला आणि हातोडीनं हलकेच टोला दिला.

दगड बोलतो तसा तो बोलला नाही. पितळेच्या हंड्यासारखा घुमला.

"लोखंड आहे हा. आतपर्यंत."

"गुरुजी पण तेच म्हणाले."

"त्यांनी वाजवून बघितला?"

"नाही. लोहचुंबक लावला."

"हं... बरोबर आलं म्हणायचं त्यांचं."

मग माझ्याकडं न बघताच म्हणाली, "भाता ओढ गं."

मी ओढला. टाकी लालभडक झाली. तिनं टोक पाण्यात घातलं, काढलं, धारेच्या दगडावर घासलं आणि बघत बसली. मागची धग पुढं सरकत होती. धारेवर गव्हाच्या काडीचा रंग चढला, तशी तिनं टाकी पुन्हा बुडवली. चर्र...

दगडाबरोबर लिंबाएवढी एक कपचीही पडली होती. मारेप्पानं ती खिशातून काढून दिली. तिमक्कानं कपचीवर टाकी धरली आणि एकच घाव घातला.

कपची चिरली. आत नव्या विळ्याच्या पात्यासारखं पांढरं लखलखीत.

"झालं! अक्का, झालं!" मारेप्पानं टाकी ओढूनच घेतली. मांडी घालून बसला, दगड पायांत धरला. "आधी ही काळी साल उडवतो. मग डोळे काढतो."

कुठलाही दगड हाती आला की आधी साल उडवायची, ही आम्हा सगळ्यांच्या हाताची सवय. त्याची काही चूक नाही.

"सालीवरून अंगठा फिरव," तिमक्का म्हणाली.

त्यानं फिरवला. उथळ खळगे होते, एकाशेजारी एक. कणकेच्या गोळ्यात कुणीतरी अंगठा दाबावा तसे. मारेप्पाचा अंगठा एका खळग्यात बसला. मग दुसऱ्यात.

"हे पडताना झालंय," तो म्हणाला. "हवा घासते, वरचं वितळतं..."

"म्हणजे हात फिरलेला आहे ह्याच्यावर."

मारेप्पानं अंगठा काढून घेतला.

आमच्यात एक रीत आहे. दुसऱ्यानं टाकी लावलेला पाटा झिजल्याशिवाय त्याच्यावर आपली टाकी लावायची नाही. गिऱ्हाईक कितीही सांगू दे. पहिल्या वर्षी ह्याच मारेप्पानं, शेजारी बसणाऱ्या शेवंतानं नुकत्याच टाकी लावलेल्या पाट्यावर आपली खूण म्हणून मासा कोरला होता. तिमक्कानं त्याला भरबाजारात शेवंताच्या पाया पडायला लावलं होतं.

"झिजलीय का त्या हाताची टाकी?"

त्यानं पुन्हा अंगठा फिरवला. सावकाश. सगळीकडून.

"...नाही."

"मग?"

"इथं कोण विचारणार आहे, अक्का? कोण पाया पडायला लावणार आहे मला?"

"कुणी नाही. मी तुझा हात धरलाय का? चालणारी टाकी दिलीय. मार."

हातोडी वर गेली आणि तिथंच राहिली.

पलीकडून एक बाई ओरडली, "अगं तिमक्का, माझा पाटा झाला का नाही?"

"थांब जरा. इथं माणूस अडकलाय."

मारेप्पाच्या कपाळावरून घाम नाकावर आला. मला वाटलं, मारतोय आता. पुरुषाला आठ दिवसांवर जत्रा दिसत असली की दुसरं काही दिसत नाही, असं माझं मत. ते त्या दिवशी खोटं ठरलं.

त्यानं हातोडी खाली ठेवली. टाकी तिमक्काच्या पुढ्यात ठेवली. दगड पोत्यात घातला, तोंड बांधलं.

"आहे तसाच देवळात ठेवा म्हणतो. सांगतो गावाला, मारेप्पाला जमलं नाही."

त्यानं पोतं खांद्यावर घेतलं. वळून चालायला लागला.

तिमक्का उठली. पाटील आला तरी ही बाई बसल्या जागेवरून हलायची नाही, पण उठली. गुडघे धरत त्याच्या मागं गेली आणि टाकी त्याच्या मुठीत कोंबली.

"माझ्या हाताखाली शिकलास, खोटं बोलायचं नाही. ही टाकी दाखव त्यांना, आणि 'केलं नाही' म्हण."