आधी मनोगत, मग जेवण

मिरजेच्या बापूसाहेब हेरवाड्यांचं मंगल कार्यालय ऐसपैस, पण गुगलवर शोधायला गेलं तर तिसऱ्या पानावर. ऐन लग्नसराईत हॉल रिकामा आणि समोरचं कार्यालय गजबजलेलं. वेबसाइट करणाऱ्या मृदुलाला कारण ठाऊक होतं. साइट उघडली की बापूसाहेबांचं मनोगत सुरू व्हायचं, आणि ते संपेपर्यंत ना तारखा दिसायच्या, ना भाडं.

"मनोगताला हात लावायचा नाही," बापूसाहेबांनी दरडावलं. "बाकी काय ते कर आणि आपल्याला वर आण. चल, आता जेवून घेऊ."

मृदुलाने आचाऱ्याच्या कानात काहीतरी सांगितलं. पानं मांडली गेली, पण वाढायला कोणी येईना. तेवढ्यात तिने फोनवर तेच मनोगत लावलं.

मसालेभाताचा वास सुटलेला. बापूसाहेब आधी चुळबुळले, मग भडकले. "अरे, वाढा आधी! उपाशीपोटी भाषण कोण ऐकतंय? नाहीतर मी चाललो समोर जेवायला!"

"तुमची गिऱ्हाइकंही तेच करतात, बापूसाहेब," मृदुला म्हणाली. "आणि ती तिकडे रमलेली बघून गुगल पुढच्यांनाही तिकडेच धाडतं."

बापूसाहेबांनी स्वतःच फोन बंद केला.

"बरं, मनोगत विड्याच्या वेळेला ठेव," ते पुटपुटले. "आता भात येऊ दे."