उभ्यानं खायचे पोहे

ताई, बसू नका. इथं पोहे उभ्यानंच खायचे. आणि यजमानांना सांगा, तुमचा दंड धरायला. तुमचं झालं की तुम्ही त्यांचा धरायचा. हसताय काय, या तळ्याची रीतच आहे तशी. माझा द्रोण राहू दे, मी खातो मागाहून.

हे तळं पूर्वी नव्हतं, नुसता खळगा होता, असं सांगतात. पाण्याला बायका पार खालच्या ओढ्यावर जायच्या. एका चैत्रात येसूची धाकटी जाऊ भरल्या हंड्यासकट घाटीत घसरली आणि गेली. तिचं तेरावं झालं त्या दिवशी येसूनं ग्रामदेवीपुढं नारळ ठेवला. म्हणाली, "या खळग्यात पाणी लागेस्तोवर अन्नाला शिवणार नाही." पहार घेतली नि एकटीच खणायला लागली. गाव काठावर उभं राहून बघत होतं. आमचेच पूर्वज ते, काय बोलायचं!

चौथ्या दिवशी तिच्या हातून पहार गळली. सासू भिकाई पदरात मूठभर पोहे नि गुळाचा खडा घेऊन धावत आली. येसूनं तोंड फिरवलं. "नको आत्याबाय, नवस मोडंल."

"पोहे म्हंजे काय अन्न होय गो?" भिकाई म्हणाली.

झालं! चार दिवस मुक्या गावाला एकदम वाचा फुटली. मानकरी धोंडजी गरजला, "एकादशीला पोहे चालतात काय? नाय ना? मग अन्नच ते!" कुणी म्हणालं, भातासारखे ते चुलीवर कुठं शिजतात? दुसरा म्हणाला, कुटायच्या आधी साळी भाजतोच की. वाद असा काही रंगला म्हणे, की खड्ड्यातली बाई मरणाला टेकलीय हेच सगळे विसरले. आम्हाला वाद मिळाला की पाणी नसलं तरी चालतं.

मग भिकाईनं धोंडजीलाच विचारलं, "शिमग्यात माझ्या याच सुनेच्या हातचे वाडगाभर पोहे खाल्लात. उठताना काय बोललात?"

ते सगळ्यांना आठवत होतं. "निघतो, अजून जेवायचोय," असं म्हणाला होता तो.

माणूस हट्टी, पण खोटा नव्हता. म्हणाला, "बरं. पण बसून खाल्लं की ते जेवण. उभ्यानं खाऊ दे तिला." आता जिला धड बसवत नव्हतं, ती उभी कशी राहणार? तेव्हा तो स्वतः खाली उतरला. एक दंड त्यानं धरला, दुसरा भिकाईनं, आणि भिकाईनंच भरवलं. तिसऱ्या घासाला येसू जावेचं नाव घेऊन रडली. धोंडजीच्या हाताला तिचं हाड लागत होतं. आपण चार दिवस वर उभं राहून हे बघत होतो, याची त्याला लाज वाटली. खाऊन झाल्यावर त्यानं तिला सासूच्या मांडीवर निजवलं आणि पहार उचलली. मग एकेक करून सगळं गाव खड्ड्यात उतरलं. तिसऱ्या दिवशी पाणी लागलं.

निम्मं गाव म्हणतं, पोहे अन्न असते तर पाणी लागलंच नसतं. निम्मं म्हणतं, नवस मोडलाच होता, पण सगळे खणायला उतरले म्हणून देवीनं पदरात घेतलं. मला विचाराल तर, ते देवीलाच ठाऊक.

आजही चैत्रात त्या दिवशी गाव इथं जमतं, तासभर कडाकडा भांडतं, आणि मग एकमेकांचे दंड धरून पोहे खातं. एकट्यानं खायचे नाहीत, एवढं मात्र दोन्ही बाजूंना मान्य आहे. माझा दंड आमची मंडळी धरायची. दोन वर्षं झाली तिला जाऊन.

ताई, झालं ना तुमचं? मग जरा माझा दंड धरता का? मघापासून द्रोण तसाच आहे.