हलगी येसबाची, हाळी मुलांची

फार फार जुनी गोष्ट आहे, बाळांनो. मोठ्यांनीही ऐकावी अशी.

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. गावाला काही कळवायचं असलं, की तिथे दवंडी पिटत. दवंडी देणाऱ्याचं नाव येसबा. तो हलगी वाजवत गल्लीगल्लीतून फिरे आणि त्याची हाळी पार नदीकाठच्या मळ्यांपर्यंत ऐकू जाई.

एका हिवाळ्यात येसबा तापाने फणफणला. ताप उतरला, पण आवाज गेला तो गेलाच. घशातून नुसती कुजबुज निघे.

पाटलांनी त्याला बोलावलं. म्हणाले, "येसबा, आवाजच नाही तर दवंडी कशी देणार? पौर्णिमेला हलगी चावडीवर आणून ठेव. मी दुसरा माणूस बघतो."

पाटील वाईट नव्हते. त्यांचं काम अडलं होतं. पण येसबाला दुसरं कुठलंच काम येत नव्हतं.

त्याच्या घरावरून पाठशाळेची वाट जायची. सगुणा नावाच्या मुलीने त्याला ओट्यावर हलगी पुसत बसलेलं पाहिलं. तो पुसत होता आणि रडत होता. पाठशाळेत पोहोचताच तिने गुरुजींना सगळं सांगितलं. म्हणाली, "मला फार वाईट वाटलं."

"वाटणारच," गुरुजी म्हणाले. "मग आता तू काय करणार?"

 पाठशाळा सुटल्यावर सगुणा पाच-सहा मुलांना घेऊन थेट येसबाच्या ओट्यावर गेली.

"काका, आम्ही तुमच्याबरोबर फिरतो. तुम्ही आमच्या कानात सांगा, आम्ही ओरडू."

येसबाने मान हलवली. "पोरांच्या तोंडून दवंडी?" तो कुजबुजला. "लोक हसतील मला."

"हलगी तुमचीच वाजणार ना, काका! आम्ही नुसतं ओरडणार. आणि ओरडायला कुठे कोणी आम्हाला शिकवावं लागतं?"

कित्येक दिवसांनी येसबा हसला.

दुसऱ्या दिवसापासून मुलं त्याच्याबरोबर फिरू लागली. लोक खरोखरच हसले. "पोरखेळ मांडलाय," असं कोणी म्हणालं. चार दिवसांत बहुतेक मुलं विटी-दांडूकडे परत गेली. सगुणा आणि बाळकू नावाचा मुलगा, ही दोघं मात्र टिकून राहिली. बाळकूचा आवाज बारीक होता, म्हणून तो एकेका दारात जाऊन निरोप सांगे. "ऐकलंत ना, मावशी?" असं विचारून हुंकार आल्याशिवाय तो पुढे जात नसे.

पौर्णिमेला दोन दिवस उरले होते. सकाळीच पाटलांकडून सांगावा आला, "नदीकाठच्या कुरणात वाघीण आलीय. तिकडे कोणी जाऊ नये."

येसबाने हलगी घुमवली. सगुणा ओरडली. लोक भराभर गुरं आत बांधू लागले. गावाच्या टोकाला गवत विकून पोट भरणारी एक म्हातारी राहत असे. तिला सगळे जनाई म्हणत. ती दिवसभर कुरणात असे, त्यामुळे बाळकूला ती कधी दारात भेटलीच नव्हती. हातात विळा घेऊन ती कुरणाकडे निघाली होती. हलगी तिच्या पाठीमागेच वाजत होती, तरी तिने वळून पाहिलं नाही.

"जनाई, थांब!" सगुणाने हाक मारली. जनाई चालतच राहिली.

बाळकू म्हणाला, "सगुणे, तिला ऐकूच येत नाही!"

दोघं धावली. सगुणाने तिचा पदर धरला. सांगणार कसं? ती तिथेच धुळीत रांगू लागली. तिने दात विचकले, हाताचे पंजे उगारले आणि कुरणाकडे बोट दाखवलं. जनाईला हसू आलं. मग तिने मागे उभ्या येसबाचा घाबरलेला चेहरा पाहिला. तिच्या हातातला विळा गळून पडला.

दुपारी गावकरी भाले-मशाली घेऊन कुरणात गेले. जनाई रोज जिथे गवत कापे, तिथेच वाघिणीच्या पंजांचे ताजे ठसे होते.

संध्याकाळी चावडीवर गाव जमलं. पाटलांनी विचारलं, "जनाईला ऐकू येत नाही, हे कोणाकोणाला ठाऊक होतं?"

कोणालाच ठाऊक नव्हतं. किती वर्षांच्या दवंड्या तिच्या दारावरून तशाच गेल्या असतील! येसबानेही मान खाली घातली.

तेव्हा पाटील उठले. "येसबा, हलगी तुझ्याकडेच राहील. आवाज होता तेव्हा तू गावाला सांगत होतास. आता या पोरांमुळे गावाला कळतंय."

त्या दिवसापासून रोज दोन मुलं पाळीने येसबाबरोबर जाऊ लागली, विटी-दांडूवाली सुद्धा! दारोदार जाताना त्यांना गाव नव्याने दिसलं. कोणाचा हंडा रिकामा, कोणाला अंथरुणातून उठवत नाही, कोणाशी आठ-आठ दिवस कोणी बोललेलं नाही. मुलं हंडा भरून देत, उशाशी बसत, दोन शब्द बोलत. पाहता पाहता मोठी माणसंही तसंच वागू लागली. जनाईसाठी तर सगळ्या गावाने हातवारे शिकून घेतले.

बोध: नुसतं वाईट वाटून थांबू नये, आपल्याला जमेल ते घेऊन दुसऱ्याच्या दारी जावं, तीच खरी दया.