आजोबांच्या कागदावरचे डोंगर

डोंगर अजून एकमेकांशी गप्पा मारायचे त्या काळी, एका प्रयोगशाळेत, एकाच लांब टेबलावर तिघं राहत होते. दुर्बीणताई तारे बघायची, सूक्ष्मदर्शकभाऊ कॅन्सरच्या पेशीवर औषधाचा परिणाम बघायचे आणि भूकंपमापक आजोबा जमिनीची थरथर कागदावर रेखाटायचे.

एका संध्याकाळी धुळीनं ताईला शिंक आली आणि तिच्या समोरचा तारा टुणकन उडाला. "अगंबाई, तारा नाचतोय!" म्हणत तीही नाचू लागली.

लगेच भाऊ ओरडले, "माझी पेशी आक्रसली! औषध लागू पडलं!" त्यांनी ताईबरोबर फुगडीच धरली. टेबल गदागदा हललं, तशी आजोबांची लेखणी कागदावर अख्खा सह्याद्री काढू लागली.

"भूकंप! माझ्या जन्मातला सगळ्यात मोठा!" आजोबांनीही ठेका धरला.

मग त्यांचं कागदाकडे लक्ष गेलं. जिथं ताईची शिंक, तिथंच पहिला डोंगर! आजोबांना आपला भूकंप फार आवडला होता. तरी ते म्हणाले, "पोरांनो, जरा हलू नका."

सगळे थांबले. ताराही थांबला, पेशीही थांबली. तिघांची तोंडं एवढीशी झाली.

बऱ्याच वेळानं भाऊ पुटपुटले, "आता कोण हललं?"

"मी नाही बाई," ताई म्हणाली.

आजोबांनी कागद पाहिला. रेघ अगदी सरळ होती.

"मग पेशी खरंच आक्रसतेय!" भाऊ जागचे न हलता म्हणाले.

"खबरदार, कुणी नाचलं तर!" आजोबा दरडावले, आणि त्यांच्याच लेखणीनं कागदावर टुणकन एक टेकडी काढली.