म्हाळूचा उधळा डाव

टेंभुर्ली नावाचं एक गाव होतं आणि त्या गावात म्हाळू नावाचा एक भोळा कातारी राहायचा. कातारी म्हणजे लाकूड कातून लाटणी, भोवरे, बुद्धिबळाचे मोहरे करणारा. आता भोळा म्हणजे किती भोळा? एकदा एका बाईनं त्याला सांगितलं, "लाटणं असं हलकं कर, की हातात आहे असं वाटूच नये." म्हाळू दोन दिवस कातत बसला आणि तिसऱ्या दिवशी त्यानं बाईच्या हातात दातकोरणं ठेवलं. बाईनं ते त्यालाच फेकून मारलं. लागलंसुद्धा नाही. म्हाळू खूश होऊन म्हणाला, "बघा, किती हलकं झालंय."

शेजारच्या सोनखेडला रखमाजी कातारी राहायचा. त्याची मुलगी सगुणा. सगुणाला म्हाळू आवडायचा, कारण तो कधी खोटं बोलत नसे. खोटं बोलायला लागतं तेवढं डोकं त्याच्याकडे नाही हे तिला ठाऊक होतं, पण तिला ते चालणार होतं. म्हाळूला तर सगुणापुढं दुसरं काही सुचत नव्हतं. आधीही फारसं सुचत नसे म्हणा.

अडचण होती रखमाजीची. त्याला बुद्धिबळाचं वेड. तो म्हणाला, "मला मात देईल तोच माझा जावई. तुला तीन सोमवार देतो. तिन्ही वेळा हरलास, तर सगुणा वडगावच्या बिजवराला देणार. त्याला पन्नाशी लागलीय, पण घोडा फार छान चालवतो."

म्हाळूनं आयुष्यात शेकडो घोडे कातले होते, चालवला एकही नव्हता. तो गेला गावातल्या बाजीतात्यांकडे. तात्या साठ वर्षं खेळून खेळून साध्या बुद्धिबळाला पार कंटाळले होते. आता ते भलतेसलते डाव मांडायचे आणि कोणी खेळायला आलं नाही तर दोन्हीकडून स्वतःच खेळायचे.

"साधा डाव काय, कोणीही खेळतं," तात्या म्हणाले. "तू उलटंसुलटं खेळ. त्यानं डोकं तयार होतं. मग साधा डाव आपोआप येतो."

"डोकं तयार व्हायला किती दिवस लागतील?"

तात्यांनी त्याच्याकडे नीट बघितलं. "सुरुवात तर करू," ते म्हणाले.

कोणता मोहरा कसा चालतो ते दाखवून तात्यांनी त्याला उधळा डाव शिकवला. यात समोरच्याला मारावंच लागतं, आणि ज्याचे मोहरे आधी संपतात तो जिंकतो. "हात सैल सोडून द्यायचं," तात्या म्हणाले. "वजीर तर अशा ठिकाणी ठेवायचा, की समोरच्याला नाही म्हणता येऊ नये."

पहिला सोमवार आला. रखमाजीच्या ओसरीवर पट मांडला. गावातली रिकामी मंडळी बघायला जमली. तात्यांनी सांगितलं ते म्हाळूनं केलं. वजीर दिला, हत्ती दिले, उंट दिले, घोडे दिले. प्यादी तर वाण लुटावं तशी लुटली. शेवटी राजा एकटा उरला आणि त्याला मात झाली. म्हाळू आनंदानं उठून उभा राहिला.

"मामा, जिंकलो की मी. तुमच्याकडे अजून बारा मोहरे शिल्लक आहेत."

मंडळी हसून लोळली. दाराआड उभ्या असलेल्या सगुणानं कपाळावर हात मारला. रखमाजी म्हणाला, "अरे बाबा, आपले मोहरे असे वाटायचे नसतात. छातीशी धरून ठेवायचे असतात. लक्षात ठेव."

"ठेवतो," म्हाळू म्हणाला. आणि त्यानं ठेवलं. तीच तर सगळी पंचाईत.

घरी येऊन त्यानं तात्यांना झालं ते सांगितलं. तात्या म्हणाले, "एका डावानं काय होतंय? आता जोडडाव शिक." जोडडावात दोन पट आणि दोन जोडीदार. आपण समोरच्याचा मोहरा मारला की तो जोडीदाराच्या हाती द्यायचा. तो आपल्या पटावर मांडतो.

दुसरा सोमवार. थोड्या वेळानं रखमाजीचा एक हत्ती फुकटात सापडला. म्हाळूनं तो मारला. तेवढ्यात सगुणा ताक घेऊन आली. म्हाळूनं हत्ती तिच्या हातात दिला. "घे. तुझ्या पटावर मांड."

सगुणाला वाटलं, प्रेमानं देतोय. तिनं तो आत नेऊन देव्हाऱ्यात ठेवला. मग घोडा दिला, तोही देव्हाऱ्यात गेला. मंडळींना वाटलं, गडी आज जिंकतोय. पण रखमाजी पटाकडे बघत बसला. पटावर म्हाळूचा राजा होता आणि दोन प्यादी होती. बाकी काही नव्हतं.

"तुझे मोहरे कुठे गेले? मी तर एकही मारला नाही."

म्हाळूनं बंडीचे बंद सोडून दाखवले. आत वजीर होता, हत्ती होते, सगळी फौज होती. "छातीशी धरलेत, मामा. तुम्हीच म्हणाला होता. दोन प्यादी तेवढी बसली नाहीत."

रखमाजीचा चेहरा लालबुंद झाला. "अरे गाढवा, उचललेस कशाला? बुद्धिबळात मोहऱ्याला उगाच हात लावायचा नसतो. ज्याला हात लावला तोच हलवायचा, मग जगबुडी येवो. हा नियम जन्मभर विसरू नकोस."

"जन्मभर नाही विसरणार," म्हाळू म्हणाला.

सगुणा त्याला वेशीपर्यंत सोडायला आली. तिचे डोळे भरले होते. "एकच सोमवार राहिला," ती म्हणाली. "मला त्या बिजवराकडे नाही जायचं. तो जेवतानासुद्धा बुद्धिबळाबद्दल बोलतो म्हणे. म्हाळू, या खेपेला काही चुकवू नकोस."

म्हाळूलाही रडू आलं. त्या आठवड्यात तो तात्यांकडे गेलाच नाही. नुसता दारात बसून घोकत राहिला. हात लावला तोच हलवायचा.

तिसऱ्या सोमवारी तो दोन्ही हात मांडीखाली दाबून पटासमोर बसला. चाल करायची झाली की एक हात काढायचा, चाल करायची, हात परत मांडीखाली. मारलेले मोहरे मुकाट्यानं बाजूला. उंट गेला, हत्ती गेले, तरी गडी टिकून होता. रखमाजीचा राजा कोपऱ्यात, आपल्याच प्याद्यांच्या मागं, पांघरूण घेऊन निजल्यासारखा. म्हाळूनं आपला घोडा पुढं करायला हात काढला, आणि एक माशी नाकावर बसली. ती हाकलताना बोट वजिराला लागलं.

"माशी होती, मामा," म्हाळू म्हणाला.

"माशी असो नाहीतर हत्ती असो. हात लावलास, वजीर हलव."

म्हाळूचं डोकं बंद पडलं. वजीर कुठं ठेवावा ते सुचेना. मग तात्यांचं वाक्य आठवलं, की समोरच्याला नाही म्हणता येऊ नये. त्यानं वजीर उचलला आणि थेट रखमाजीच्या राजाच्या मांडीला मांडी लावून, हत्तीच्या तोंडात ठेवला. मंडळी चुकचुकली. सगुणानं डोळे मिटून घेतले.

"हा तर फुकटच दिलास," रखमाजी म्हणाला. राजानं तो मारावा तर म्हाळूच्या घोड्याचा जोर. म्हणून त्यानं हत्तीनं मारला. म्हाळूनं मघाचा राहिलेला घोडा पुढं केला आणि हात मांडीखाली घातला. मग पाणी मागितलं.

रखमाजी पटाकडे बघत राहिला. घोड्याचा शह होता. राजाच्या पुढं त्याचीच प्यादी, बाजूला त्याचाच हत्ती. हलायला एक घर नव्हतं.

"मात," रखमाजी खोल आवाजात म्हणाला.

"मला परत?" म्हाळूनं विचारलं.

दाराआडून सगुणा ओरडली, "अरे वेड्या, त्यांना!"

तात्या पुढं वर्षभर गावभर सांगत होते, "उधळा डाव खेळल्याशिवाय असा वजीर देता येत नाही." रखमाजी म्हणायचा, "उधळा डाव नव्हे, माशी." तो वाद अजून मिटलेला नाही. म्हाळूला विचारलं तर तो म्हणे, "दोन्ही नव्हे. हात लावला तो हलवला म्हणून जिंकलो."

लग्न ठरलं. रखमाजीनं दारात मांडव घातला. म्हाळू मुंडावळ्या बांधून बैलगाडीतून निघाला, सोबत तात्या. सोनखेडच्या वेशीवर नवा फेटा बांधून रखमाजी सामोरा आला. तात्या म्हणाले, "म्हाळू, मामांच्या पाया पड."

म्हाळू वाकला. त्यानं रखमाजीच्या पायांना हात लावला, आणि मग आपल्या हाताकडे बघितलं. थोडा वेळ विचार करून त्यानं रखमाजीला कमरेला धरून उचललं, गाडीत ठेवलं आणि बैल वळवले. मिरवणूक असेल असं वाटून रखमाजीनं दोन्ही बाजूंना हातसुद्धा जोडले. सोनखेड मागं पडलं तेव्हा त्याला शंका आली. तोवर टेंभुर्ली आली होती. म्हाळूनं त्याला उतरवून आपल्या घरात पाटावर बसवलं.

"अरे, नवरी तिकडे आहे," रखमाजी म्हणाला. "मला कशाला आणलंस?"

"तुम्हाला हात लावला ना, मामा. तिला अजून लावलेला नाही."

"मग मला परत नेऊन सोड. मुहूर्त टळतोय."

म्हाळूला वाईट वाटलं. एवढा मोठा खेळाडू आणि असं बोलतो. तो उंबऱ्यावर बसला, दोन्ही हात मांडीखाली घातले आणि रस्त्याकडे बघू लागला.

"लागोपाठ दोन चाली कशा करणार, मामा? माझी झाली. आता पाळी सगुणाची."